‘देण्यात आले आहे’ : मराठी गॅजेट-वार्तेची भाषा आणि वापरकर्त्याचे स्थान

मराठी दैनिकांच्या पुरवण्यांमध्ये तंत्रज्ञानाचे स्वतंत्र पान स्थिरावले, त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. संगणक विकत घेताना कोणती काळजी घ्यावी, ई-मेलचे खाते कसे उघडावे, विषाणूपासून संगणकाचा बचाव कसा करावा अशा स्वरूपाचा मजकूर आरंभी या पानावर येत असे. पुढे मोबाइल संचाने संगणकाला मागे सारले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाल्यानंतर तर हे लेखन छापील पुरवणीतून निघून वाचकाच्या हातातील पडद्यावरच येऊन बसले. या लेखनाला ललित साहित्याचा दर्जा नाही म्हणून साहित्यसमीक्षेने त्याकडे पाहिले नाही. त्यात मूलभूत विज्ञान नाही म्हणून विज्ञानलेखनाच्या अभ्यासकांनीही त्याची फारशी दखल घेतली नाही. तरीही ते वाचले जाते, आणि त्याच्या भरवशावर अनेक कुटुंबांतील महिन्याभराची कमाई खर्च होते. एवढे एक कारणही त्याच्या समीक्षेसाठी पुरेसे आहे. प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराच्या भाषेचा, विशेषतः त्यातील एका क्रियापदरचनेचा, विचार केला आहे.

गॅजेट-वार्तेच्या भाषेवर सर्वसाधारणपणे जो आक्षेप घेतला जातो तो तिच्यातील इंग्रजी शब्दांच्या भरण्यावर. फीचर्स, लूक, डिस्प्ले, प्रोसेसर, लॉन्च ही नामे पाहून भाषाप्रेमी वाचक अस्वस्थ होतो आणि ‘भ्रमणध्वनी’ची आठवण करून देतो. हा आक्षेप समजण्यासारखा असला तरी तो वरवरचा आहे. मराठीने फारसी, अरबी, पोर्तुगीज आणि इंग्रजी भाषांतून वस्तूंची नावे नेहमीच घेतली आहेत. वस्तू जिकडून आली तिकडून तिचे नावही आले. टेबल, बटाटा आणि तारीख यांनी मराठीचे काही बिघडवले नाही, तेव्हा मोबाइलनेही बिघडण्याचे कारण नाही. तपासावयाचे ते या लेखनातील क्रियापद.

‘या फोनमध्ये ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा देण्यात आला आहे. सोबत ५००० एमएएचची बॅटरी देण्यात आली आहे. सुरक्षेसाठी फिंगरप्रिंट सेन्सर देण्यात आला आहे.’ हे वाक्यांचे नमुने कोणत्याही एका दैनिकाचे किंवा लेखकाचे नाहीत, ते या लेखनप्रकाराचे सर्वमान्य वळण आहे. एखादी बातमी हाती घेऊन त्यातील क्रियापदे अधोरेखित केली, तर बहुतांश वाक्यांचा शेवट याच रचनेने होतो असे दिसून येईल. उरलेली वाक्ये ‘मिळणार’, ‘येणार’, ‘असणार’ अशी भविष्यकाळी असतात, कारण वस्तू अद्याप बाजारात आलेली नसते.

‘-ण्यात येणे’ ही रचना मराठीत रुळली ती प्रामुख्याने प्रशासकीय भाषेतून. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’, ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’, ‘उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल’ अशा सूचनांमध्ये ती शोभूनही दिसते, कारण तेथे कर्ता झाकलेला राहावा हाच हेतू असतो. पाणी कोणी बंद केले हे सूचनेत येत नाही. ते बंद होणार आहे एवढेच नागरिकाने जाणून घ्यावयाचे असते. गॅजेट-वार्तेने ही रचना उचलली तेव्हा तिच्यासोबत हे नातेही आले. कॅमेरा कोणी दिला? अर्थात कंपनीने. पण वाक्यात कंपनी नाही. कोणाला दिला? वाक्यात वापरकर्ताही नाही. वास्तविक कॅमेरा दिलेला नसतो, तो विकलेला असतो. ‘विकण्यात आला आहे’ असे मात्र ही भाषा कधी म्हणत नाही. ‘देणे’ या क्रियापदाने व्यवहारातील किंमत नाहीशी होते आणि तिच्या जागी औदार्याचा भास उरतो. गणपतीसमोर प्रसाद मिळावा तसा मेगापिक्सेल मिळतो.

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात सिट्रोएन कंपनीच्या नव्या मोटारीवर एक लहानसा निबंध लिहिला आहे. ती मोटार लोकांसमोर आकाशातून अवतरल्यासारखी येते, तिच्या घडणीच्या खुणा दिसत नाहीत, असे निरीक्षण त्याने नोंदवले. त्याच निबंधात प्रदर्शनात आलेले लोक त्या मोटारीला हात लावून पाहतात, पत्रा आणि गाद्या चाचपतात, याचेही वर्णन आहे. मराठी गॅजेट-वार्तेत निरीक्षणाचा पहिला भाग तंतोतंत लागू पडतो. दुसरा भाग, म्हणजे माणसाचा हात, तेथे आढळत नाही.

आता या भाषेशेजारी त्याच वस्तूविषयी त्याच समाजात बोलली जाणारी मराठी ठेवून पाहावी. कोणत्याही तालुक्याच्या बसस्थानकाजवळील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती ऐकू येते. फोन तापतो. चार्जिंग लगेच उतरते. घरात रेंज पकडत नाही. टच गेला. मध्येच हँग मारतो. पिन ढिली झाली, वायर वाकडी धरली तरच चार्ज होतो. सॉफ्टवेअर मारावे लागेल. कॉम्बो बदलावा लागेल. या वाक्यांत इंग्रजी नामे कमी नाहीत. परंतु प्रत्येक वाक्यात फोन काहीतरी करतो किंवा करीत नाही. तापणे, उतरणे, पकडणे, मारणे ही घरगुती, शेतीतली आणि अंगमेहनतीची क्रियापदे आहेत. दूध उतू जाते, अंग तापते, ताप उतरतो, बैल अडून बसतो, या अनुभवांच्या भाषेत वापरकर्त्याने यंत्राला बसवून घेतले आहे. ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा प्रयोग तर खिळा मारणे आणि शिक्का मारणे यांच्या पंक्तीत जाऊन बसणारा, कोणत्याही परिभाषा समितीला न सुचलेला शब्दप्रयोग आहे.

ही परीक्षणाची भाषा आहे. वस्तू वापरून, काही दिवस तिच्यासोबत राहून, तिच्याविषयी दिलेला निर्णय या भाषेत व्यक्त होतो. गॅजेट-वार्तेच्या लेखकालाही ही भाषा ठाऊक असते; स्वतःचा फोन बिघडला की तोही दुकानात हेच बोलतो. लिहावयास बसल्यावर मात्र तो ती खिशात ठेवतो. याचे एक कारण उघड आहे. त्याच्यासमोर वस्तू नसते, कंपनीचे इंग्रजी पत्रक असते, आणि त्या पत्रकातील रचना अनुवादात ‘देण्यात आला आहे’ होऊन उतरते. जेथे वस्तू हाती येते तेथेही ती बहुधा कंपनीकडूनच काही दिवसांसाठी आलेली असते. म्हणजे लेखकालाही फोन ‘देण्यात आलेला’ असतो. समाजमाध्यमांवरील प्रभावकांनी मोबदला घेतला असल्यास तसे स्पष्टपणे जाहीर करावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये यासंबंधी सूचना प्रसिद्ध केल्या. या तरतुदी आवश्यकच आहेत. पण मोबदला जाहीर केल्याने वाक्यरचना बदलत नाही. एक पैसाही न घेता पत्रकाचा अनुवाद करता येतो आणि बहुतेक वेळा तसाच तो केला जातो.

हा लेखनप्रकार मुळातच असा होता काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. अमेरिकेत वॉल्ट मॉसबर्ग यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये १९९१ साली व्यक्तिगत तंत्रज्ञानावरील सदर सुरू केले, ते संगणक वापरावयास फार अवघड आहेत आणि हा दोष वापरणाऱ्याचा नाही, अशा आशयाच्या विधानाने. त्या सदराच्या मर्यादाही होत्या. त्याची नजर सुस्थितीतील अमेरिकी ग्राहकावर होती. तथापि कोणाच्या बाजूने लिहावयाचे, हे पहिल्याच वाक्यात ठरले होते.

मराठीपुरते बोलावयाचे तर उत्पादकाशी असलेले नाते हे आपोआप लाचारीचे नाते ठरत नाही, याचे उदाहरण जवळच आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघू लागलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे लोखंडी नांगर आणि शेतीची अवजारे बनविणाऱ्या कारखान्याचेच नियतकालिक होते. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे रूपांतर एका स्वतंत्र बाण्याच्या मासिकात घडवून आणले, पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याच्या जोडीला आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या विचारविश्वात या तिन्हींनी केलेली कामगिरी सर्वश्रुत आहे. अवजार विकणाऱ्याच्या घरातून निघालेले मासिक वाचकाच्या घरातील प्रश्नांकडे वळू शकले. आजच्या गॅजेट-पानावर कंपनीची मालकी नसते. असे असूनही ते कंपनीच्या पत्रकाच्या चौकटीबाहेर पडत नाही, हे अधिक विचार करावयास लावणारे आहे.

या चौकटीमुळे नेमके काय निसटले, हे पाहण्यासाठी मराठी वापरकर्त्याच्या सर्वांत जवळच्या प्रश्नाकडे, म्हणजे त्याच्या लिपीकडे, वळावे लागते.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे. तरीही नव्या शतकाच्या आरंभी मराठी दैनिकांची संकेतस्थळे वाचावयाची तर त्या-त्या दैनिकाचा टंक संगणकावर उतरवून घ्यावा लागे. एका दैनिकाचा मजकूर दुसऱ्याच्या टंकात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. शोधयंत्राला तो मजकूर मराठी म्हणून ओळखताच येत नसे. तंत्रज्ञानाचे पान ज्या संकेतस्थळावर होते तेच संकेतस्थळ या अडचणीचे उदाहरण होते, ही विसंगती मौजेची आहे. आणि तरीही ती अडचण हा त्या पानाचा मुख्य विषय कधी झाला नाही.

मोबाइल संदेशांची गोष्ट याहून बोलकी आहे. एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावत. त्यात देवनागरीचे एकही अक्षर आले की प्रचलित व्यवस्थेत ही मर्यादा ७० वर येई. शिवाय देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांची प्रत्येकी स्वतंत्र गणना होते. ‘महाराष्ट्र’ या चार अक्षरी शब्दाला दहा जागा लागतात. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्या मजकुरातच सत्तरांपैकी २७ जागा संपतात. पुढे नातेवाइकांची नावे आणि दोन ओळी लिहिल्या की संदेश दोनांचा आणि दरही दोनांचा. ऐन सणाच्या दिवशी तर पॅकची सवलतही लागू नसे. परिणामी मराठी माणसाने मराठी रोमन लिपीत लिहिण्याचा मार्ग पत्करला. एका पिढीची लेखनाची सवय अशा रीतीने बदलली. तिला आळस, न्यूनगंड, इंग्रजी शाळा अशी कारणे लावून व्याख्याने झाली आणि अग्रलेखही लिहिले गेले. १६० आणि ७० हे दोन आकडे मात्र त्या चर्चेत क्वचितच आले. ते आणण्याचे काम ज्या पानाचे होते ते पान त्या काळात कोणत्या फोनमध्ये किती आवाजी रिंगटोन देण्यात आले आहेत हे सांगत होते.

‘ॲप’ हा शब्दच घेतला तर हा विषय आणखी स्पष्ट होतो. या शब्दाचे पहिले अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र वर्ण म्हणून दाखल झाले ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना मराठीच्या वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. तत्पूर्वी आणि पुष्कळदा नंतरही हे अक्षर ‘अ’ला अर्धचंद्र जोडून, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून सिद्ध केले जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, यंत्राला ती भिन्न वाटतात. त्यामुळे एका रूपाने शोध घेतला असता दुसऱ्या रूपातील मजकूर निसटू शकतो. गॅजेट-वार्तेत सर्वाधिक वेळा येणाऱ्या शब्दांपैकी हा एक शब्द. तो वाचकाच्या फोनवर कोणत्या कळीने उमटतो, हा प्रश्न मात्र पानाला पडला नाही.

२०१६ मध्ये भारतीय मानक ब्युरोने मोबाइल संचांवरील भारतीय भाषांसंबंधी आयएस १६३३३ (भाग ३) हे मानक निश्चित केले आणि केंद्र सरकारने ते बंधनकारक करण्याचा आदेश त्याच वर्षी काढला. प्रत्येक संचावर बावीसही भाषांतील मजकूर वाचता यावा, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे त्याचे स्वरूप होते. ‘आणखी किमान एक’ ही शब्दयोजना विचारात घेण्यासारखी आहे. ती भाषा मराठी असेलच असे नाही, हे ओघानेच आले. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या संचांवर ‘आणखी एक’ म्हणून कोणती भाषा आली, ‘ऱ्या’ आणि ‘ळ’ किती कळा दाबल्यावर मिळतात, ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दिसतात की हिंदी वळणे, हे तपासणे कोणत्याही परीक्षकाला तासाभरात शक्य होते. मेगापिक्सेलची तुलना करणाऱ्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना वाढवावा लागला असता, इतकेच. पण पत्रकात हा रकाना नव्हता.

महाराष्ट्रात मोबाइल संचाचे आजवर झालेले सर्वांत मोठे सामूहिक परीक्षण गॅजेट-पानाबाहेर घडले. पोषण अभियानांतर्गत अंगणवाडी सेविकांना कामाच्या नोंदींसाठी शासनाकडून मोबाइल संच मिळाले होते. मार्च २०२१ मध्ये केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आणले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे संच प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : संचाची रॅम दोन जीबी असून नव्या ॲपला ती पुरत नाही, संच तापतात आणि बंद पडतात, दुरुस्तीचा भुर्दंड आपल्यालाच पडतो, आणि ॲपची भाषा इंग्रजी आहे, ती मराठी हवी. चांगल्या परीक्षणात जे-जे असावयास हवे ते या निवेदनात आहे. वस्तूची क्षमता आहे, तिच्याकडून अपेक्षित काम आहे, दोहोंमधील तफावत आहे, दुरुस्तीचा खर्च आहे आणि भाषा आहे. शिवाय ही वस्तू खऱ्या अर्थाने ‘देण्यात आलेली’ होती, आणि घेणाऱ्यांनी ती नाकारली. वृत्तपत्रांनी या घटनेची दखल घेतली, परंतु आंदोलनाची बातमी म्हणून. मानधन आणि मोर्चा यांच्या रकान्यात ती छापली गेली. दोन जीबी रॅमचा संच रोज किती बालकांच्या वजन-उंचीच्या नोंदी पेलू शकतो, या अंगाने तिच्याकडे पाहिले असते तर तंत्रज्ञानाच्या पानाला वर्षाचा विषय मिळाला असता. सेविका ही या पानाच्या दृष्टीने ग्राहक नव्हती, कारण तिने फोन विकत घेतला नव्हता.

गॅजेट-वार्तेचा गृहीत वाचक कोण, याचा उलगडा येथे होतो. तो फोन विकत घेण्याच्या बेतात असलेला, बहुधा शहरी, बहुधा तरुण आणि बहुधा पुरुष आहे. फोन घेतल्याच्या क्षणी त्याच्यातील या पानाचा रस संपतो. पुढील फोन घेईपर्यंत तो पुन्हा वाचक होत नाही. मुलाने नवा घेतला म्हणून त्याचा जुना फोन वापरणारी आई, बाजारातून जुना संच घेणारा मजूर, मालकाने दिलेला फोन बाळगणारा वाहनचालक हे सर्व तंत्रज्ञानाचे वापरकर्ते आहेत, पण ‘लॉन्च’ या घटनेशी त्यांचा संबंध येत नाही. त्यांना लागणारी माहिती वेगळी असते. जुन्या संचाला सुरक्षेची अद्यतने किती काळ मिळतात, त्यावर बँकेचे ॲप चालते का, बॅटरी बदलून घेणे परवडते की नाही, यांवर त्यांचा व्यवहार अवलंबून असतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न आता थेट सातबाऱ्यापर्यंत पोहोचला आहे. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचा उपक्रम राज्यभर सुरू केला. पूर्वी तलाठी जी पीक नोंद करीत असे ती शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, अक्षांश-रेखांशासह पिकाचे छायाचित्र काढून ॲपद्वारे करावयाची, असे तिचे स्वरूप आहे. पीकविमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाने खरेदी यांच्याशी या नोंदीचा संबंध येतो. अशा वेळी कॅमेरा किती मेगापिक्सेलचा यापेक्षा संच स्थान किती लवकर आणि किती अचूक पकडतो, दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का, रेंज नसलेल्या शिवारात भरलेली माहिती टिकते की पुसली जाते, हे महत्त्वाचे ठरते. दहा हजारांच्या आतील चार संच घेऊन एखाद्या शिवारात दिवसभर ही चाचणी घेणे कोणत्याही जिल्हा आवृत्तीला अवघड नाही. आणि त्या चाचणीचा वाचक एकटा नसेल : सर्वांकडे असा संच नसतो हे ओळखून एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय या ॲपमध्ये पहिल्या हंगामातच ठेवलेली होती.